सोहऱ्याच्या चुनखडकात पायी फिरताना : घळी, गुहा, पायवाटा आणि पाणी

बालाघाटची_वाट

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मेघालयात सोहऱ्याला जाऊन आलो. सोहरा म्हणजे आपण शाळेत घोकलेलं चेरापुंजी. तिथली माणसं सोहराच म्हणतात. मी आंबाजोगाईत भूगोल शिकवते. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथं २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मी किती वर्गांपुढं फळ्यावर लिहिला असेल त्याची मोजदाद नाही. त्याच्याखाली आपल्याकडचा आकडा लिहायचे, सातशेच्या आसपास, तोही पडला तर. मुलं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझी बहीण लातुरातच होती. हंडे-घागरी, टँकरची वाट बघत जागून काढलेल्या रात्री, हे सगळं तिच्या घरी राहून पाहिलंय. तेव्हापासून मनात होतं, की जिथं आभाळ सगळ्यात जास्त देतं तिथली माणसं पाण्याकडं कशी बघतात, ते एकदा जाऊन बघायचं.

पहिल्याच पहाटे बघायला मिळालं. आम्ही एका घरात उतरलो होतो. घरच्या बाईला सगळे 'कोंग' म्हणत. वयानं मोठ्या बाईला म्हणायचा शब्द, आपल्या अक्कासारखा. अंधार असतानाच ती पाठीवर बांबूची निमुळती टोपली घेऊन निघाली. टोपलीचा पट्टा कपाळावर, आत पाण्याचे रिकामे कॅन. मी विचारलं, कुठं? म्हणाली, पाण्याला. मी चप्पल घालून मागं गेले. वीसेक मिनिटांवर खडकातून करंगळीएवढी धार येत होती आणि आमच्याआधी सात-आठ बायका तिथं नंबर लावून बसल्या होत्या. कोणी भांडत नव्हतं, मोठ्यानं बोलतही नव्हतं. आपापला कॅन भरला की उठायचं.

जगात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या टापूत फेब्रुवारीत पाण्याचा नंबर. मी तिथं उभी राहिले आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

परत आल्यावर आम्हाला आंघोळीला एक-एक बादली मिळाली. मी सवयीप्रमाणं अर्धी वापरली आणि अर्धी ठेवली. कोंगनं ती बादली पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम्हारे उधर भी पानी नहीं है?" त्या एका प्रश्नानंतर आम्ही दोघी रोज संध्याकाळी चुलीपाशी बसत होतो.

आता फिरण्याबद्दल. आपला डोळा काळ्या दगडाला सरावलेला. बालाघाट घ्या, अजिंठ्याचा डोंगर घ्या, सगळीकडं बेसॉल्टचे थरावर थर, पायऱ्या रचल्यासारखे. तिकडचा डोंगर बघताना आधी काही उमजतच नाही. वर सपाट माळ, पिवळं गवत, थोडंफार आपल्या पाटोद्याच्या माळासारखंच. आणि चालता चालता जमीन एकदम संपते. खाली सरळ तुटलेली घळ, तळाशी हिरवंगार रान, आणि दक्षिणेला हवा स्वच्छ असली की बांगलादेशाचं सपाट मैदान. बंगालच्या उपसागरावरून निघालेला ढग त्या मैदानावरून बिनअडथळा येतो, या घळींच्या तोंडात शिरतो आणि सुमारे १,४०० मीटरच्या भिंतीला धडकून जागच्या जागी रिकामा होतो. फळ्यावर बाण काढून हे मी शेकडो वेळा समजावलंय. त्या कड्यावर उभी राहिले तेव्हा मला ते पहिल्यांदा समजलं.

त्या पठाराच्या दक्षिण काठाला चुनखडकाचा पट्टा आहे. पावसाचं पाणी त्या दगडात चिरा शोधतं, त्या रुंद करतं आणि आत उतरतं. म्हणून वर कोरडं आणि पोटात पाणी. गुहांना खासी भाषेत 'क्रेम' म्हणतात. 'मॉ' म्हणजे दगड, 'उम' म्हणजे पाणी. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले की नकाशावरची निम्मी नावं आपोआप बोलायला लागतात : मॉसमाई, मॉम्लू, मॉफ्लांग, उमिअम, उमन्गोत.

आम्ही चार दिवस चाललो. टिर्ना ते नोंगरियात उतरून जिवंत मुळांचा दुमजली पूल, मॉसमाईची गुहा, मॉम्लूच्या गुहेचा तोंडाकडचा भाग आणि मॉफ्लांगची जुनी घोडवाट. ज्यांना जायचंय त्यांनी विचारा, आठवेल ते सगळं सांगेन. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या भागातल्या माणसानं तिथं फेब्रुवारीत जावं. धबधबे बारीक झालेले असतात, फोटो तसे येत नाहीत, पण तो डोंगर कोरडा असतानाच कळतो.

मांजराकाठ

ताई, सकाळपासून दोनदा वाचलं. लातूरचाच आहे मी. ते पाण्याचे दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं होतं, आम्ही स्टेशनावर बघायला गेलो होतो.

एक विचारतो. चुनखड म्हणलं की आमच्या डोक्यात शेत येतं. माझ्या दोन एकरात खाली पांढरे खडे लागतात, ऊस पिवळा पडतो, कितीबी खत घाला. तज्ज्ञ सांगतात चुनखडीमुळं लोह लागू होत नाही. तोच चुना का हा? आणि तिकडं त्या दगडावर पिकतं काय?

भूस्तर

मांजराकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नोकरीचा सगळा काळ भूजलाच्या कामात, विहिरी आणि बोअर मोजण्यात गेला.

पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. जन्म वेगळा. तुमच्या शेतातले खडे मातीतच तयार झालेत. बेसॉल्ट झिजतो, त्यातला कॅल्शियम पाण्याबरोबर खाली जातो, पाऊस कमी असल्यामुळं पुरता वाहून जात नाही आणि खाली गाठी धरतो. सोहऱ्याकडचा चुनखडक समुद्रात साठलाय. समुद्री जीवांच्या कवचांचा गाळ थरावर थर बसून त्याचा दगड झाला. तिथल्याच अरवा गुहेच्या भिंतीत शिंपल्यांचे जीवाश्म उघड्या डोळ्यांना दिसतात.

आणखी एक गोष्ट ताईंना वर्गात सांगता येईल. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सोहऱ्याचा चुनखडक त्याच्यानंतरचा. म्हणजे आपला काळा दगड थंड झाल्यावर तिकडचा समुद्र तो पांढरा गाळ साठवत होता. आणि त्या चुनखडकाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेच्या उतारांवर बेसॉल्टही सापडतो. त्याला सिल्हेट ट्रॅप म्हणतात, वय सुमारे ११.५ कोटी वर्षं. म्हणजे काळ्या दगडाची माणसं तिथं अगदीच परकी नाहीत.

आता पाण्याचं. पाऊस पडताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं. बेसॉल्टवर त्याचा परिणाम फार सावकाश होतो, चुनखडक मात्र त्यात विरघळतो. चिरेची नळी होते, नळीचं भुयार होतं. हेच पाणी गुहेच्या छताला थेंब होऊन लटकलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना परत दगड होऊन तिथं चिकटतो. छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून वर येणारे लवणस्तंभ असे वाढतात.

म्हणून तिथं हिवाळ्यात टंचाई. धावता पाऊस, तीव्र उतार, पातळ माती, तुटलेलं रान, आणि जे मुरतं ते भुयारातून थेट घळीच्या तळाला. आपल्या विहिरीत पाणी मुरमात आणि सांध्यात थोडं थोडं साठतं, झिरपत राहतं. तिथं ते नळातून सुटल्यासारखं निघून जातं. वर गाव, पाणी खाली. शिवाय असं पाणी गाळलं जात नाही. वर घाण टाकली की ती काही तासांत खालच्या झऱ्याला पोचते. तिथं जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून कचरा खिशात घालूनच परत यावं.

बालाघाटची_वाट

भूस्तर सर, मनापासून आभार. बेसॉल्ट आणि चुनखडकाच्या वयाचं हे मी उद्याच नववीच्या वर्गात सांगणार.

मांजराकाठ दादा, पिकाचं सांगते. घळीच्या उतारावरच्या गावांत सुपारी, विड्याची पानं, तेजपत्ता, संत्री आणि फणस. नोंगरियातच्या वाटेवर तेजपत्त्याची झाडं इतकी, की उन्हं चढली की सगळी वाट मसाल्याच्या डब्यासारखी घमघमते. आणि तो चुना ते खातातही! पान, ओली सुपारी आणि चुना, त्याला 'क्वाई' म्हणतात. घरात पाऊल टाकलं की आधी क्वाई पुढं येते, आपल्याकडं सुपारीचं तबक येतं तशी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात याच डोंगरांतला चुना होड्यांतून सिल्हेटमार्गे बंगालभर जायचा.

पैठणकर_काका

लेख आवडला. वय ६६, गुडघा एक बरा आणि एक नाराज. वारीला अजून चालतो. नोंगरियातच्या पायऱ्या मला झेपतील का ते स्पष्ट सांगा. उगाच धीर देऊ नका.

बालाघाटची_वाट

काका, स्पष्टच सांगते. टिर्ना गावातून उतरायला लागलं की साधारण साडेतीन हजार पायऱ्या. सिमेंटच्या, अरुंद, काही ठिकाणी फार उभ्या. उतरताना दम लागत नाही, गुडघा बोलतो. येताना गुडघा गप्प बसतो आणि छाती बोलते. आम्ही उतरायला दोन तास घेतले आणि यायला पावणेचार. यांचं वय ५८ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्याच दिवशी परत यायचा हट्ट धरला असता तर जमलं नसतं. खाली नोंगरियातमध्ये घरांतून मुक्कामाची सोय आहे. रात्री खाली राहिलो आणि पहाटे गारव्यात चढलो, म्हणून जमलं.

मधे दोन ठिकाणी तारांचे झुलते पूल आहेत, खाली निळंहिरवं पाणी आणि हत्तीएवढे धोंडे. हे पहिल्या पुलावर मधेच थांबले. मागून एक खासी म्हातारी आली, पाठीवर सुपारीची टोपली, पायात साधी रबरी चप्पल. ती बाजूला उभी राहिली, काही बोलली नाही, यांच्या कोपराला नुसता हात लावला आणि पूल संपेपर्यंत काढला नाही. पलीकडं गेल्यावर हे "खुब्लेई" म्हणाले. तो एकच शब्द त्यांनी पाठ केला होता. नमस्कार, आभार आणि देव तुझं भलं करो, सगळं त्यात येतं.

तर काका, काठी घेऊन, खाली एक मुक्काम धरून, घाई न करता, जमेल. एका दिवसात जाऊन येऊन करायचं असेल तर जाऊ नका.

नांदेडची_नात

मी दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये गेले होते, मैत्रिणींबरोबर. ताईंचं फेब्रुवारीचं म्हणणं पटलं तरी पावसाळ्याची बाजूही मांडते. नोहकालिकाईचा धबधबा ३४० मीटर सरळ कोसळतो, आणि जुलैत तो दिसण्याआधी छातीत ऐकू येतो. आम्ही कड्यावर दीड तास ढगात उभ्या होतो, पाच मिनिटं पडदा सरकला. त्या पाच मिनिटांसाठी मी परत जाईन.

पण जळवा आहेत. पायमोज्यात मीठ आणि तंबाखू चोळा. पायऱ्यांवर शेवाळ इतकं, की मी दोनदा आपटले. गुहांत पाणी भरतं, मॉम्लूमध्ये तेव्हा कोणी नेत नाही आणि नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

मुळांच्या पुलाबद्दल ताईंनी फार थोडं लिहिलं, म्हणून मी लिहिते. रबराच्या वडासारखं झाड असतं ते, नदीच्या काठावर लावतात. त्याची लोंबती मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून पलीकडच्या काठाकडं वळवतात. मग नुसती वाट बघायची. पंधरा-वीस वर्षं, कधी जास्त. मुळं पलीकडच्या मातीत रुजली, जाड झाली, की त्यांच्यात आणखी मुळं गुंफायची, दगड भरायचे. लाकडी पूल त्या पावसात दोन-तीन वर्षांत कुजतो आणि हा वर्षागणिक बळकट होत जातो. जो लावतो तो बहुतेक वेळा पुरा झालेला बघत नाही. आम्ही खाली राहिलो त्या घरातल्या आजोबांनी गावाखालच्या ओढ्यावर एक नवा सुरू केलाय. आम्हाला दाखवायला घेऊन गेले. तेव्हा ती मुळं माझ्या मनगटाएवढीही नव्हती. त्यांचा नातू सहा वर्षांचा होता, तो त्या मुळांना धरून झोके घेत होता आणि आजोबा त्याला रागावत नव्हते.

२०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलेत. कायमच्या यादीत जावेत असं फार वाटतं.

बालाघाटची_वाट

नात, किती सुंदर लिहिलंस ग. माझ्याकडून ते निसटलं होतं.

उदगीरकर

सगळ्यांचं वाचूलालो. छान आहे, पण मला एक बोलायचंय, राग मानू नका.

अडीच-तीन हजार किलोमीटर जाऊन घळ बघायची, आणि आपल्या घळी? सौताड्याला विंचरणा नदी केवढी खोल उतरते, तळाला रामेश्वराचं देऊळ. अजिंठ्याला वाघूर सात कुंडांतून उड्या मारत येते आणि नालासारखं वळण घेते. पितळखोऱ्याची दरी आहे, गौताळा आहे, किनवटकडं पैनगंगेचं सहस्रकुंड आहे. आपल्याच आंबाजोगाईत मुकुंदराजाच्या समाधीची दरी आहे, ताई तर तिथल्याच. तिथं किती जण चालत जातात? श्रावणात गर्दी, बाटल्या, प्लास्टिकचे द्रोण, आणि मग वर्षभर कोणी फिरकत नाही. परक्या मुलखात खिशात कचरा घालून आणायचा आणि आपल्या दरीत टाकायचा, हे मला पटत नाही.

बालाघाटची_वाट

दादा, राग कसला. बरोबर बोलताय.

मुकुंदराजाच्या दरीत मी लहानपणापासून जाते. वडील घेऊन जायचे. पण खरं सांगते, त्या दरीकडं दरी म्हणून मी तिकडून आल्यावर बघितलं. परवा रविवारी आम्ही दोघं गेलो. थर मोजले. कुठल्या थरातून पाणी पाझरतंय आणि कुठं थांबतंय ते पाहिलं. दोन लाव्हाथरांच्या मधे लाल मातीचा पट्टा आहे, तो मला पन्नास वर्षांत दिसला नव्हता. सोहऱ्याला जाऊन हे झालं असेल तर जाणं वाया गेलं नाही, असं मी मानते.

आणि मॉफ्लांगचं सांगते, कारण तुमच्या मुद्द्याशी ते जोडलेलं आहे. शिलाँगपासून जवळच मॉफ्लांगला देवराई आहे. नियम एकच. आतून काहीही बाहेर न्यायचं नाही. पान नाही, काडी नाही, दगड नाही. बाहेर गवताळ माळ आणि आत पाऊल टाकलं की अंधार, ओल, मऊ जमीन. एका पावलाचं अंतर. माळावर उन्हानं ओठ फुटलेले, आणि आत मातीत बोट घातलं तर गार पाणी लागलं. तिथल्या वाटाड्या मुलानं सांगितलं, की आजूबाजूच्या ओहोळांना हिवाळाभर पाणी या रानामुळं राहतं. कोंग राहते त्या भागातलं रान गेलं आणि तिथं पहाटे नंबर लागतो. हे रान राहिलं, तर इथं ओहोळ वाहतो. चुनखडक असो की बेसॉल्ट, दादा.

भूस्तर

एक दुरुस्ती करू द्या. मॉफ्लांगकडचा दगड चुनखडक नाही, तो फार जुना क्वार्टझाइट, म्हणजे वाळूच्या खडकाचा घट्ट होऊन झालेला कठीण दगड. चुनखडक दक्षिणेच्या काठाला. पण रानाबद्दलचं ताईंचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. पालापाचोळ्याचा आणि मुळांचा थर पाणी धरून ठेवतो. दगड कोणताही असो, त्याच्या वर ते पांघरूण पाहिजे.

उदगीरकरांचाही मुद्दा मोलाचा. आपल्याकडं दरीच्या माथ्यावरचं झाड तुटलं, की तळाचा झरा आधी उन्हाळ्यात आटतो आणि मग दिवाळीतच आटतो. गावोगाव मी हे नोंदवहीत लिहिलंय.

सेलूची_सई

घोडवाटेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मी तीच विचारायला आले होते. आमचा सहा जणींचा गट आहे, दर महिन्याला कुठं तरी चालतो. १६ किलोमीटरची वाट आहे असं वाचलंय.

बालाघाटची_वाट

हो, मॉफ्लांग ते लाडमॉफ्लांग, १६ किलोमीटर. डेव्हिड स्कॉट ट्रेल म्हणतात. डेव्हिड स्कॉट हा कंपनी सरकारचा अधिकारी. आसाम आणि सिल्हेट जोडायला खासी डोंगरातून रस्ता हवा म्हणून त्यानं ही वाट काढायला घेतली. त्या रस्त्याआडून आपलं राज्य जाणार हे नोंगख्लॉचा राजा ऊ तिरोत सिंग यानं ओळखलं आणि ४ एप्रिल १८२९ ला लढाई सुरू झाली. चार वर्षं डोंगरात झुंजला, शेवटी पकडून ढाक्याला नेला आणि तिथंच १७ जुलै १८३५ ला कैदेत गेला. वाटेला नाव मात्र स्कॉटचं आहे. आमचा वाटाड्या मुलगा सारखं 'तिरोत सिंगची वाट' म्हणत होता, मीही तेच म्हणते.

वाट आधी माळावरून, मग नदीच्या घळीत खाली, दगडी पूल, पुन्हा चढ. उभे दगड लागतात, पूर्वजांच्या नावानं रोवलेले, काही दोन पुरुष उंच. त्यांच्यापुढं आडवे सपाट दगड, बसायला. तिथं बसून आम्ही धपाटे खाल्ले. पाणी पुरेसं न्या, मधे दुकान नाही.

एक चूक आमची झाली, ती तुम्ही करू नका. तिकडं दिवस लवकर मावळतो. फेब्रुवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य गेला आणि आम्ही शेवटच्या चढावर होतो. वर गाडी घेऊन येतो म्हणालेला माणूस वाट बघून निघून गेला होता. फोनला रेंज नाही. धुकं उतरलं, दोन हातांवरचं दिसेना. वाटाड्या पोरगा एकोणीस वर्षांचा, त्यानं आम्हाला जवळच्या घरात नेलं. त्या घरानं आम्हाला चहा दिला, भात दिला आणि गाडी मिळेपर्यंत, म्हणजे रात्री साडेआठपर्यंत चुलीपुढून उठू दिलं नाही. तुम्ही सहा जणी पहाटे सहाला चालायला लागा. दुपारी दोनला वर पोचला पाहिजेत. आणि रविवार टाळा. बहुतेक गाव चर्चमध्ये असतं, दुकानं आणि गाड्या बंद.

सेलूची_सई

धन्यवाद ताई. सहा वाजता म्हणजे सहा. लिहून ठेवलं.

जायचं कसं ते पण सांगा ना. आणि आमच्यातल्या चौघी माळकरी आहेत, खाण्याचं काय?

बालाघाटची_वाट

आम्ही परळीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं गुवाहाटी. गुवाहाटी ते शिलाँग साधारण १०० किलोमीटर, शिलाँग ते सोहरा ५४. शिलाँगच्या बडा बाजारातून सोहऱ्याला सीटवर सुमो मिळतात. मोठा खर्च विमानाचा, तिथं गेल्यावर फार लागत नाही.

खाण्याची काळजी घ्यावी लागेल. त्यांचं रोजचं जेवण भात आणि मांस, चटणी सुकटीची. पण घरात राहिलात आणि आधी सांगितलंत, तर भात, डाळ, बटाटा, मोहरीची पालेभाजी आनंदानं करतात. भांडी वेगळी हवी असतील तर एक पातेलं आपलं न्या, वाईट वाटत नाही त्यांना. मी धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

मांजराकाठ

गुहेचं राहिलं ताई. आत भ्या वाटतं का?

बालाघाटची_वाट

मॉसमाईत नाही. दीडशे मीटरचा भाग उघडा आहे, आत दिवे लावलेत. दोन ठिकाणी अंग तिरकं करून, वाकून जावं लागतं, एवढंच. गर्दी असते म्हणून सकाळी जा.

मॉम्लू वेगळी. ती सात किलोमीटरच्या आसपास लांब आहे, आम्ही तोंडाकडचा थोडाच भाग पाहिला, शिरस्त्राण घालून, वाटाड्याबरोबर, गुडघाभर गार पाण्यातून. एका जागी त्यानं सगळ्यांना बॅटऱ्या विझवायला सांगितल्या. तसा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळा उघडा की मिटलेला हे कळत नाही. आणि त्या अंधारात कुठं तरी एक थेंब पडत होता. टप्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्.

मी त्या थेंबासाठीच गेले होते. त्या गुहेतल्या लवणस्तंभावरून शास्त्रज्ञांनी चार हजार दोनशे वर्षांपूर्वीचा दुष्काळ वाचला. सर, हे तुम्ही नीट सांगा, माझ्यापेक्षा.

भूस्तर

सांगतो. लवणस्तंभ थराथरानं वाढतो, झाडाच्या खोडासारखा. थरातल्या युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून त्याचं वय काढता येतं, आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, त्या काळी पाऊस जोरदार होता की कमजोर ते कळतं. मॉम्लूच्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकदम कमजोर झाल्याची खूण सापडली. त्याच सुमाराच्या कोरड्या काळाच्या खुणा इजिप्त आणि मेसोपोटेमियाकडंही मिळतात. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेनं तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं आणि त्याची सुरुवात त्या स्तंभातल्या एका रेषेवर नक्की केली. म्हणजे आपण सगळे आत्ता ज्या भूशास्त्रीय काळात राहतोय, त्याचं नाव मेघालयाचं, आणि त्याची पहिली ओळ दुष्काळाची.

उदगीरकर

हे मला माहीत नव्हतं. सर, अंगावर काटा आला.

मी वर जे बोललो ते मागं घेत नाही. पण ताई, त्या गुहेत मलाही जायचंय.

सोयगावचा_पोर

मी विद्यार्थी आहे, विमान परवडणार नाही. जवळ चुनखडकाच्या गुहा कुठं आहेत का?

भूस्तर

आंध्रात बेलम, नंद्याल जिल्ह्यात. हैदराबादमार्गे रेल्वे आणि बस करून स्वस्तात जाता येतं. ३,२२९ मीटर लांब गुहा, त्यातला साधारण दीड किलोमीटर बघायला खुला. रॉबर्ट ब्रूस फूट यानं १८८४ मध्ये तिची नोंद केली. आत फार उकडतं, हिवाळ्यात जा. तिथून गंडिकोट्याला पेन्नार नदीची घळ बघून ये. तिथला दगड चुनखडक नाही, पण पाणी दगड कसं कापतं ते तिथं समोर दिसतं. आणि चुनखडकाचा नुसता दगड हातात घेऊन बघायचा असेल तर आदिलाबाद-वणीकडं पैनगंगेच्या खोऱ्यात जा. तो शंभर कोटी वर्षांहून जुना आहे.

सोयगावचा_पोर

सर, खूप आभार. दिवाळीच्या सुट्टीत बेलम नक्की.

पैठणकर_काका

मंडळी, पुतण्यानं आत्ताच तिकिटं काढली. २ फेब्रुवारीला निघतो. नोंगरियातला खाली एक मुक्काम, काठी, रविवार सोडून, सगळं ताईंनी सांगितल्याप्रमाणं. गुहेत मॉसमाईच.

ताई, त्या कोंगच्याच घरी उतरायचं म्हणतो. जाताना तिच्यासाठी काय नेऊ?

बालाघाटची_वाट

काका, फार आनंद झाला. तिथं कसं पोचायचं ते तुम्हाला खासगीत कळवते.

शेंगदाण्याची चटणी न्या, अर्धा किलो, लसूण हात सैल सोडून. माझी तिनं तीन दिवसांत संपवली, भातावर घालून. धाकटी लेक कॉलेजात आहे, तिकडं घर धाकट्या लेकीकडंच जातं, तिलाही तिखट आवडतं. आणि सकाळी बादली आली की अर्धी ठेवा. ती बघेल, आणि मग विचारेल तुम्हाला, कुठल्या गावचे म्हणून.